ताप-अंगदुखी, जेवणानंतर

६ फेब्रुवारी

सूनबाईस,

वर काय लिहावं यातच पंधरा मिनिटं गेली. पूर्वी हात आपोआप चि. सौ. लिहायचा. आता नुसतं सूनबाईस लिहिलं आहे, चालवून घे.

तुझं आमंत्रणपत्र परवा मिळालं. शाळेचा शिक्का आहे, सही आहे, माझं नाव आणि पासपोर्टचा नंबर बरोबर आहे. आत आणखी एखादा कागद असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. नव्हता. तक्रार म्हणून लिहीत नाही. दीड वर्षात आपण एकमेकींशी बोललो नाही, आणि तरी मी मागितल्याबरोबर तू पत्र पाठवलंस. पुष्कळ झालं.

फोन करता आला असता. पण फोनवर माझं तोंड कसं सुटतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार. कागदावर निदान खोडता येतं.

तिकीट १४ एप्रिलचं काढते आहे, तीन आठवड्यांसाठी. चिमणीला सहा पूर्ण होतील तेव्हा मी तिथे असेन. मी तिला पाहिलं ते ती साडेतीन वर्षांची असताना, तुम्ही तिघं सुट्टीवर आला होता तेव्हा. आजी म्हणजे कोण हे तिला आता सांगावं लागेल.

व्हिसासाठी आरोग्याचा दाखला लागतो. सरकारी इस्पितळाच्या मागे, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, बेटांवर वगैरे जाणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस दवाखाना चालतो. आज नाव नोंदवून आले. सोबतीला आमच्या कारखान्यातले टाइमकीपर आले होते. तुला आठवत असतील, तुमच्या लग्नात ज्यांनी कोण किती वाजता आलं ते तोंडपाठ सांगितलं होतं ते. निवृत्त झाले तरी खिशात घड्याळ आहेच. वाटेत म्हणाले, "गोळीबाई, आयुष्यभर दुसऱ्यांना टोचलंत, आता तुमची पाळी." कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, पण मला गोळीबाई म्हणणारं एक तरी माणूस उरलं आहे.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, आपत्कालीन संपर्क. मी तो कोरा ठेवून दिला तर खिडकीतल्या कारकुनाने परत केला.

"घरचं कोण?"

"इथे कोणी नाही."

"शेजारी?"

"वरच्या मजल्यावर एक बाई आहेत. त्यांना ऐकू येत नाही."

"मग त्यांचा नंबर देऊन काय फायदा?"

टाइमकीपर मागून म्हणाले, "लिहा माझा." कारकुनाने विचारलं, नातं काय. म्हणाले, "हजेरी घेणारा." त्याने तसंच लिहून घेतलं.

मला तुझं नाव घालावंसं वाटलं होतं. विचारल्याशिवाय घातलं नाही.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटतील. त्यांना सांगायला हवं म्हणून विचारते: खिडक्यांना जाळ्या आहेत का, प्यायचं पाणी उकळता की बाटलीचं घेता, आणि जवळचं इस्पितळ किती लांब आहे. शेवटचं मला माहीत असायला हवं होतं, पण माहीत नाही. आणि चिमणीच्या पायाचं माप कळव.

कळावे.

तुझी सासू


१५ फेब्रुवारी

सूनबाईस,

पहिल्या पत्राचं उत्तर यायला अजून वेळ आहे. पण काल डॉक्टरांना भेटून आले, ते विसरायच्या आत लिहिते.

डॉक्टर म्हणजे तुझ्याच वयाची मुलगी आहे. तिने टेबलावर तुमच्या बेटांचा नकाशा पसरला आणि तुझ्या गावाभोवती पेन्सिलीने गोल केला. म्हणाली, "आजी, समुद्र फार सुंदर आहे तिथला. पण आपण आधी डासांचं बोलू."

मी म्हटलं, मच्छरदाणी घेतली आहे, चांगली जाड.

"ती रात्रीच्या डासासाठी. तो मलेरियाचा. दुसरा आहे तो दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस कलताना. तेव्हा तुम्ही मच्छरदाणीत बसून राहणार का?"

मला हसू आलं. तिलाही आलं. मग तिने सगळं सांगितलं. पूर्ण बाह्यांचे, फिके कपडे. उघड्या अंगाला डासांचं मलम, आणि उन्हाचं मलम लावायचं असेल तर ते आधी. घराभोवती बादलीत, कुंडीखाली, कुठेही पाणी साचू द्यायचं नाही. किनाऱ्यावर अनवाणी नाही, पोवळ्याने पाय कापला तर जखम लवकर भरत नाही. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते ती सांगायला लागली, तेव्हा मी सांगितलं की मी काच कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत एकतीस वर्षं होते. ती म्हणाली, "मग तुम्हाला काय शिकवणार मी."

तीन सुया झाल्या. टोचणारी म्हणाली, हात सैल सोडा. हे वाक्य मी किती माणसांना सांगितलं असेल. आपला आपल्याला तो सोडता येत नाही.

मलेरियासाठी गोळी आहे, आठवड्याला एक. मी रविवार धरला आहे. निघण्याआधी तीन रविवार, तिथे असताना, आणि परतल्यावर आणखी चार. मी विचारलं, परतल्यावर कशाला? म्हणाली, तिथून निघालात तरी तिथलं काही अंगात राहिलेलं असू शकतं. या गोळीने काही जणांना फार स्पष्ट स्वप्नं पडतात, घाबरू नका, असंही म्हणाली.

माझी औषधांची पिशवी मी तिला तपासायला नेली होती. तुला माझी पद्धत माहीत आहे. प्रत्येक औषध वेगळ्या पाकिटात, पाकिटावर चिकटपट्टी, पट्टीवर कशासाठी आणि कधी. ती म्हणाली, इतकी नीट पिशवी मी पहिल्यांदाच पाहते आहे. त्यातलं एक पाकीट तिने काढून ठेवायला सांगितलं. बाकी सगळं चालेल म्हणाली.

एक काम होतं. तुम्ही पहिल्यांदा तिकडे गेलात तेव्हा मी अशीच एक पिशवी दिली होती. निळी, चेनची. ती अजून घरात असेल तर टाकून दे. औषधांच्या तारखा उलटल्या असतील, चिमणीच्या हाताला लागायला नको. एवढंच.

तुझी सासू


१ मार्च

सूनबाईस,

तुझं पत्र आलं. चार ओळी होत्या, पण विचारलं तेवढ्या सगळ्याची उत्तरं होती. जाळ्या आहेत. पाणी उकळता. इस्पितळ बोटीने पाऊण तास. चिमणीचा पाय सतरा सेंटिमीटर.

पाऊण तास. मला वाटायचं इस्पितळ तुमच्या गल्लीच्या टोकाला असेल. तू माझ्या मुलाला घेऊन गेलीस तेव्हा बोट लगेच मिळाली होती का, की थांबावं लागलं, हे मी कधी विचारलंच नाही. मी बोलत सुटले, पण विचारलं काहीच नाही.

चिमणीसाठी रबरी तळाचे बूट घेतले, पाण्यात घालून चालतात ते. मोजपट्टी घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, "नात ना? तिलाच घेऊन या की, घालून बघितलेलं बरं." मी म्हटलं, ती गावाला गेली आहे. म्हणाला, "मग थोडे मोठेच घ्या. गावाहून पोरं वाढून येतात." अर्धा सेंटिमीटर मोठे घेतले.

बॅग आत्तापासूनच पलंगावर उघडून ठेवली आहे. मी खुर्चीत बसून जेवते आणि तिच्यात काय राहिलं ते बघते. वरच्या बाई परवा डोकावल्या, म्हणाल्या, "कोणी आलंय वाटतं." मी म्हटलं, नाही, मी चालले आहे. त्यांना ऐकू आलं नाही. म्हणाल्या, "बरं झालं. घर भरल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांकडे मधे एकदा परत जाऊन आले. एक शंका होती. ती फिटली. व्हिसाही आला.

दवाखान्याने एक पुस्तिका दिली आहे. तिचं अकरावं पान तापाचं आहे. ते आता पाठ झालं.

तुझी सासू


१० मार्च

सूनबाईस,

तुझी चिठ्ठी काल आली. "पिशवी आहे. टाकली नाही. टाकणारही नाही."

आता मला लिहायलाच हवं. त्या दिवशी तुला पिशवी टाकायला सांगितलं ते तारखांसाठी नव्हे, हे तुला कळलं असेल, किंवा नसेलही. नसेल तर आता कळू दे. मी क्रमाने लिहिते, कारखान्यात अपघाताची नोंद लिहायचे तशी. मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही.

त्याला ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला फोन केला. तू शाळेत असशील असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, "आई, अंग नुसतं ठेचून काढल्यासारखं झालंय. डोळ्यांच्या मागे दुखतंय." मी विचारलं, ताप किती. म्हणाला, "एकशे दोन. डॉक्टरला दाखवू या म्हणते ही."

यावर मी काय बोलले ते शब्द मला आठवतात. मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी कोण दवाखान्यात जातं? माझ्या हाताखालून हजार ताप गेलेत. निळ्या पिशवीतलं तिसरं पाकीट काढ. पांढरी गोळी, दिवसातून तीनदा, जेवून घे. चार दिवसांत उठून बसशील."

तो म्हणाला, कामावर जायला हवं, शीतगृहाचं एक यंत्र बंद पडलंय, मासळी नासेल. मी म्हटलं, गोळी घे आणि जा.

त्या पाकिटावर काय लिहिलं होतं ते तुझ्यासमोरच असेल. ताप-अंगदुखी, जेवणानंतर. अक्षर माझं.

ही गोळी मी एकतीस वर्षं दिली. भट्टीसमोरचा माणूस कण्हत यायचा, मी गोळी द्यायचे, अर्ध्या तासाने तो पाळीवर परत जायचा. साहेब म्हणायचे, आमच्या गोळीबाईमुळे एक पाळी बुडत नाही. मला त्याचा अभिमान होता. बरं करणं हे माझं काम नव्हतंच. माणूस पाळी संपेपर्यंत उभा राहायला हवा, एवढंच काम होतं. माझ्या हे लक्षात आलं नाही. मला वाटायचं मी औषध देते.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुलीने तेच पाकीट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "ही काढा. तिकडे ताप आला तर फक्त साधी पॅरासिटामॉल, आणि लगेच रक्ततपासणी. दिवसा चावणाऱ्या डासाचा ताप असला तर या गोळीने आतून रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शिवाय दुखणं दबतं, माणसाला वाटतं बरं वाटतंय, आणि तो घरीच थांबतो." मी बरं म्हटलं. पाकीट पर्समध्ये ठेवलं. दंड दाबून धरत टाइमकीपरांबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले. ते काहीतरी विनोद सांगत होते, मी हसलेही.

आठवड्याने मी एकटी परत गेले. तिला म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका बाईने आपल्या मुलाला अशा तापात ती गोळी दिली होती. तिने पेन खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"चार."

"दिवसाला?"

"तीन. आणि ती त्याला म्हणाली, दवाखान्यात जाऊ नकोस."

"त्या बाईंना माहीत नसणार."

"माहीत असायला हवं होतं. तिचं कामच ते होतं."

ती म्हणाली, त्या गोळीनेच गेला असं कोणी छातीठोक सांगणार नाही, गोळी न घेताही माणसं जातात. मी विचारलं, पण वेळेवर नेलं असतं तर? तिने मला पाणी दिलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला असं त्याने कळवलं तेव्हा मी टाइमकीपरांना म्हटलं होतं, बघा, म्हटलं नव्हतं का मी. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं आहे की ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. पाचव्या दिवशी तू त्याला बोटीने नेलंस. सहाव्या दिवशी तुझा फोन आला.

आणि त्या फोनवर, घरात माझी चुलतजाऊ, तिच्या सुना, सगळ्या बसलेल्या असताना, मी तुला म्हणाले की तू माझ्या मुलाला चार दिवस घरात कुजवलंस. तुझ्या आळसाने तो गेला. हे मी तीनदा म्हणाले. तू काही बोलली नाहीस. तुझं गप्प बसणं म्हणजे तुझी कबुली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

ते चार दिवस माझे होते. तुझे नव्हते.

हे चुलतजावेलाही लिहून पाठवलं आहे. तिच्या सुना हजर होत्या म्हणून त्यांनाही वाचून दाखव असं लिहिलं आहे.

तिकीट आहे, व्हिसा आहे, पण मी येणार ती तुझ्या पत्रावर. ते पत्र तू पाठवलंस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. टाइमकीपरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता कळवू नका. एकदा जाऊन नातीला बघून या. परतल्यावर लिहा. तीन आठवड्यांनी काय बिघडतं?"

मी म्हटलं, "चोरासारखं तिच्या घरात राहू?"

"नातीला पोटाशी धरायला मिळेल ना पण."

"तिच्या बापाला कोणी घरी थांबवलं ते लपवून?"

मग म्हणाले, "पत्र टपालात टाकायला मी येतो बरोबर. नाहीतर तुम्ही पेटीपासून परत याल." तर ते खाली थांबले आहेत.

मी येऊ नये असं तुला वाटलं तर मला लिहूही नकोस. खाली टाइमकीपरांचा नंबर देते. त्यांना एवढंच सांग, नको. माझ्याशी बोलावं लागणार नाही. मी तिकीट रद्द करीन, आणि चिमणीचे बूट पार्सलने पाठवीन. नंतर कधीही काही मागणार नाही.

काही कळवलं नाहीस तर मी काय समजायचं, हे मला सुचत नाही.

तुझी सासू


४ एप्रिल

सूनबाईस,

हे पत्र पोचेपर्यंत मी तिथे असेन किंवा कधीच नसेन. तरी लिहिते. लिहायची सवय लागली आहे.

रोज सकाळी साडेआठला टाइमकीपर खालून हाक मारतात. जिना चढत नाहीत, गुडघे दुखतात. मी खिडकीत गेले की म्हणतात, "आज काही नाही." म्हणजे तुझा फोन नाही. पहिल्या दिवशी मला त्याने हायसं वाटलं. आता हायसं वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. मी फक्त साडेआठला खिडकीत असते. काल म्हणाले, "गोळीबाई, एकही खाडा नाही हं तुमचा."

टपालही काही नाही. पोस्टात विचारलं. तो माणूस म्हणाला, बेटांचं टपाल पंधरा दिवसांत आलेलंच नाही, तिकडे वादळ आहे, बोटी बंद आहेत. खरं असेल. त्यालाही काहीतरी सांगायला हवंच.

एक रविवार झाला, गोळी सुरू केली आहे. उद्या दुसरी. स्वप्नं पडतात असं डॉक्टर म्हणाली होती, घाबरू नका म्हणाली होती. मी घाबरले नव्हते. खरं सांगायचं तर मी त्याच आशेवर गोळी घेतली. दीड वर्षात तो एकदाही स्वप्नात आला नाही. वाटलं होतं, निदान या गोळीने येईल. अजून आला नाही. एकदा नुसती कारखान्याची खोली दिसली, फळ्या, पाकिटं, सगळं जागच्या जागी, आणि बाकावर कोणी नाही.

चुलतजावेचं उत्तर आलं. लिहिते, झालं गेलं विसरा, आता हे उकरून काय मिळणार, सुनांना काही वाचून दाखवलं नाही. मी तिला पुन्हा लिहिलं आहे, दाखव म्हणून.

तिसऱ्या सुईचा दंड अजून थोडा दुखतो. दुसरं कोणी विचारत नाही म्हणून तुला सांगितलं.

तुझी सासू


१२ एप्रिल

सूनबाईस,

काल साडेआठला टाइमकीपरांची हाक आली, मी खिडकीत गेले, ते नेहमीसारखं "आज काही नाही" म्हणाले आणि तेवढ्यात त्यांच्या मागून पोस्टमन आला. एकाच वेळी सात पाकिटं, त्यातली सहा वरच्या बाईंची. टाइमकीपर गुडघे दुखत असताना दोन मजले चढून आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही वाचा. मी जिन्यात बसतो. बोलवलंत तर येईन, नाहीतर घड्याळ बघून निघेन."

तुझ्या पाकिटावर शिक्का २४ मार्चचा आहे. म्हणजे माझं पत्र पोचल्यावर तू दोन-तीन दिवसांत लिहिलंस. पत्र वाटेतच अडकून पडलं होतं. पोस्टातला माणूस खरं बोलत होता.

तू लिहितेस, "त्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती. फोन स्पीकरवर होता. मी तिथेच चिमणीला भरवत होते."

हे वाक्य वाचून मी कागद खाली ठेवला. दीड वर्षं, सूनबाई. मी तुला फोनवर जे जे म्हणाले ते सगळं ऐकत असताना तुला हे माहीत होतं. आणि मी स्वतः विसरले होते. खोटं बोलत होते असं नाही, खरंच विसरले होते. त्या गोळीचं नाव दुसऱ्याने काढेपर्यंत तो फोन मला आठवलाच नाही. मला माझीच भीती वाटते.

तू लिहितेस, "तुम्ही घ्या म्हणालात म्हणून त्याने घेतली. मी नको म्हटलं, मग मीही गप्प बसले, कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं मलाही वाटायचं. तेवढं माझं आहे. ते तुम्ही घेऊ नका."

बरं. घेणार नाही.

आणि तू लिहितेस, "मी दीड वर्ष बोलले नाही तो माझा चांगुलपणा समजू नका. एक दिवस तुम्हाला आपोआप कळेल, आणि तेव्हा तुमच्याजवळ कोणी नसेल, हेच मला हवं होतं. तसंच झालं असणार. ते हवं होतं म्हणून आता बरं वाटत नाही."

तसंच झालं. बसथांब्यावर टाइमकीपर होते, पण त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे कोणी नव्हतंच. तुला हे हवं होतं यात मला राग येण्यासारखं काही दिसत नाही. मीही तुझ्या जागी तेच मागितलं असतं, आणि मी कबूल केलं नसतं.

शेवटच्या ओळी मी टाइमकीपरांना आत बोलावून वाचून दाखवल्या. "या. माझा राग गेलेला नाही, तो तुम्हाला दिसेल. मच्छरदाणी आणू नका, पलंगाला बांधून ठेवली आहे. निळी पिशवी त्याच फळीवर आहे. त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही. ती तुम्ही रिकामी करायची." ते म्हणाले, "हजेरी लागली म्हणायची." मग खिशातून घड्याळ काढून उगाच किती वाजले ते बघितलं.

करीन. गेल्यावर पहिलं तेच करीन, चहासुद्धा नंतर. तू जवळ थांबलीस तरी चालेल, नाही थांबलीस तरी चालेल.

कालच इस्पितळात जाऊन फॉर्मवरचा रकाना बदलून आले. तू हो म्हणाली नव्हतीस, पण या म्हणालीस, त्यात ते धरलं. कारकून म्हणाला, हजेरी घेणारे गेले वाटतं. मी म्हटलं, आहेत, पण आता दुसरं कोणी आहे.

मच्छरदाणी बॅगेतून काढून वरच्या बाईंना दिली. त्या जागी बूट आणि टोपी बसली. विमान दुपारी चारला उतरेल, तिथून बोट धरून पोचेपर्यंत दिवस कलेल. तू न्यायला येणार असशील तर चिमणीला पूर्ण बाह्यांचं घाल, पायात मोजे घाल. येणार नसशील तर मी विचारत विचारत येईन.

हे पत्र आता टपालात टाकून उपयोग नाही, माझ्याआधी पोचणार नाही. हातातच देईन. आपण समोरासमोर आल्यावर मला काही बोलता आलं नाही तर हे वाच.

माझ्या औषधांच्या पिशवीत तिसऱ्या पाकिटात आता साधी पॅरासिटामॉल ठेवली आहे. पट्टी चिकटवली आहे, पण ती कोरी आहे. पेन घेऊन बसले होते, लिहिलं नाही. तिथे आल्यावर तुझ्या अक्षरात लिही.